वेक टर्ब्युलन्स: तक्ता पाठ झाल्यावर पुढे काय?

पुण्यात सीपीएलचे (व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याचे) पेपर देणारी मुलं भेटली आणि वेक टर्ब्युलन्सचा, म्हणजे पुढच्या विमानाने मागे सोडलेल्या हवेच्या भोवऱ्यांचा विषय निघाला, की दोन विमानांत किती अंतर हवं तो तक्ता सगळ्यांचा तोंडपाठ असतो. वजनावरून विमानांचे हेवी, मीडियम, लाइट असे गट. हेवीच्या मागे हेवी असेल तर ४ सागरी मैल, मीडियम ५, लाइट ६. मीडियमच्या मागे लाइट ५. रेग्युलेशन्सच्या पेपरला तेवढ्यावर भागतं. मी सध्या एअरबस ३२० वर फर्स्ट ऑफिसर आहे आणि माझं मत विचाराल तर हा तक्ता सगळ्यात शेवटी वाचावा. आधी भोवरा कुठे असेल ते काढता यायला हवं. काढता म्हणजे पेन्सिलीने, कागदावर.

बरेच जण याला इंजिनांचा झोत समजतात. झोताचा इथे काही संबंध नाही. पंखाखालची जास्त दाबाची हवा टोकाला वळसा घालून वर येते आणि विमानामागे, एकमेकांच्या उलट फिरणारे दोन भोवरे सुटतात. विमान जड आणि वेग कमी, की भोवरा जोरकस. अप्रोचला, म्हणजे उतरायला येताना, वेग कमीच असतो.

आता बाजूने दिसणारा ३ अंशांचा ग्लाइडस्लोप, म्हणजे धावपट्टीकडे उतरणारी तिरकी वाट, काढा. पुढे ट्रिपल सेव्हन (बोइंग ७७७, हेवी), ५ मैल मागे तुम्ही, वेग १४० नॉट. ती होती तिथे पोचायला तुम्हाला दोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो. भोवरे मिनिटाला साधारण ३०० ते ५०० फूट खाली जातात, म्हणजे तुम्ही येईपर्यंत ते निदान ६०० फूट खाली गेलेले असतात. त्या ५ मैलांनी काय साधलं ते इथे दिसतं. मग स्वतःलाच विचारा, की जमीन जर २०० फुटांवर असेल तर ते ६०० फूट जाणार कुठे? जमिनीशी आले की ते बाजूला पसरतात, दोन-तीन नॉटच्या गतीने.

त्यामुळे दुसरं चित्र वरून दिसणाऱ्या धावपट्टीचं हवं, आणि त्यात वाऱ्याचा बाण. आडवा पण हलका वारा असेल, तर तो वाऱ्याकडच्या भोवऱ्याला धावपट्टीवरच थोपवून धरतो. मागून तिरका येणारा हलका वारा तर भोवरा पुढे ढकलून नेमका तुमच्या टचडाउनच्या, म्हणजे चाकं टेकण्याच्या, जागी आणून ठेवतो. डिसेंबरातली पुण्याची सकाळ, झाडाचं पान हलत नाही, विद्यार्थी म्हणतो काय झकास हवा आहे. भोवरा याच हवेत जास्त वेळ टिकतो. सोसाट्याच्या वाऱ्यात तो लवकर मोडतो.

प्रत्यक्षात कसं वाटतं? मुंबईला रात्री धावपट्टी २७ वर उतरत होतो, पुढे एक हेवी, अंतर नियमाप्रमाणे, वारा जवळजवळ नाही. अडीच हजार फुटांच्या आसपास आधी नुसती बारीक थरथर आली, खडी पसरलेल्या रस्त्यावर गाडी यावी तशी, आणि पाठोपाठ डावा पंख झपकन खाली गेला. ऑटोपायलट चालू होता. कॅप्टनसाहेबांचा हात साइडस्टिकपाशी (विमान चालवायच्या दांडीपाशी) गेला, पण त्यांनी ती धरली नाही. "थांब," एवढंच म्हणाले. काही सेकंदांत पंख सरळ झाला.

ते थांबणं सेस्नावर, म्हणजे छोट्या शिकाऊ विमानावर, शिकलेल्यांना जड जातं, कारण हातापायांना लगेच काहीतरी करायची सवय असते. एअरबसची सूचना अशी आहे: ऑटोपायलट असेल तर राहू द्या, विमान हातात असेल तर थोडं स्थिरावू द्या, मग पंख सरळ करा, आणि रडर (शेपटीवरचं, पायांनी चालणारं सुकाणू) वापरू नका. नोव्हेंबर २००१ मध्ये न्यूयॉर्कहून निघालेलं अमेरिकन एअरलाइन्सचं ए ३०० पुढच्या ७४७ च्या वेकमध्ये सापडलं. सहवैमानिकाने रडर आलटून-पालटून जोरात दाबला आणि शेपटीचा उभा भागच तुटून गेला. २६५ माणसं गेली. खाली, जमिनीजवळ अप्रोच बिघडलाच तर सरळ गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर.

सेस्नाचा आणखी एक धडा मोठ्या विमानात चालत नाही. पुढच्याच्या मार्गापेक्षा वर राहा, त्याच्या टचडाउनच्या पलीकडे उतरा, असं पुस्तक सांगतं आणि छोट्या विमानाला ते अगदी बरोबर आहे. आयएलएसवर, म्हणजे धावपट्टीवरून येणाऱ्या रेडिओ संकेतांनी आखलेल्या वाटेवर, येणाऱ्या ३२० ला ही मुभा नसते. तिच्या हातात असतं ते अंतर.

आता तक्त्याकडे या. जुन्या वर्गवारीत ७ टनांच्या वर आणि १३६ टनांच्या आत सगळे मीडियम. पुण्याच्या लोहगाव विमानतळावर दिसणारं साधारण २३ टनांचं एटीआर ७२ मीडियम, आणि ९० टनांच्या वर जाणारं ए ३२१ निओही मीडियम. तक्त्यात या दोघांसाठी वेकचं वेगळं अंतरच नाही! वजनाबरोबर पंखांची लांबीही धरणारी नवी, जास्त गटांची वर्गवारी आली ती उगाच नाही. इंटरव्ह्यूत हे उदाहरण दिलंत तर समोरचा पुढचा प्रश्न विचारतो, आणि तो प्रश्न यावा असंच आपल्याला हवं असतं.

आरटी (वैमानिक आणि कंट्रोलर यांचं रेडिओवरचं बोलणं) ऐकायची सवय आतापासून लावा. हेवी विमान पहिल्या कॉलला कॉलसाइननंतर (रेडिओवरच्या आपल्या नावानंतर) 'हेवी' म्हणतं, तेवढ्यावरून पुढे कोण आहे ते कळतं. पुढचं विमान दिसतंय म्हणून सांगितलंत, व्हिज्युअल अप्रोच घेतलात, म्हणजे बाहेर डोळ्यांनी बघत उतरायचं ठरवलंत, की त्याच्यापासून अंतर राखणं तुमच्यावर येतं. कंट्रोलर फार तर 'कॉशन वेक टर्ब्युलन्स' म्हणेल. अंतर कमी वाटलं तर वाढवून मागा, आणि ते फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या सरळ रेषेत, वळायच्या आधी मागा. नंतर त्यांच्याकडेही तुम्हाला द्यायला फारशी जागा उरलेली नसते.