नवीन विमान म्हणून तिकीट काढताय? मग आधी एवढं तपासून घ्या

एखाद्या एअरलाइनने नवीन विमानांची मोठी ऑर्डर दिली की बातम्या येतात, नव्या केबिनचे फोटो सगळीकडे फिरतात, आपण त्या भरात तिकीट काढून टाकतो आणि प्रत्यक्ष बसायला मिळतं ते पंधरा वर्षं वापरलेलं विमान. माझ्या घरी हे झालंय. आईबाबांसाठी मी मुद्दाम दोन-चार-दोन रांगेचं विमान शोधून कडेच्या जोडीच्या दोन सीट वेगळे पैसे भरून घेतल्या होत्या, निघायच्या आदल्या रात्री विमान बदललं, तीन-तीन-तीनवालं आलं, आणि दोघं एकमेकांपासून चार रांगा लांब, आई मधल्या सीटवर, गुडघे दुखतायत तरी उठता येत नाही, असे नऊ तास गेले. तेव्हापासून घरातल्या कुणाचंही तिकीट असलं तरी मी खालच्या सगळ्या गोष्टी बघते.

पहिली गोष्ट म्हणजे ऑर्डर आणि आपली सीट यांच्यात किती वर्षं जातात ते डोक्यात ठेवा. बोइंग ७७७एक्स २०१३ मध्ये जाहीर झालं, पहिलं विमान २०२० मध्ये मिळणार होतं, आणि २०२५ संपलं तरी एकाही एअरलाइनच्या हातात पडलं नव्हतं. कधी विमान तयार असतं पण सीट आलेल्या नसतात, कारण सीट बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या आणि प्रत्येक नव्या सीटला सुरक्षेच्या चाचण्या पास व्हाव्या लागतात, बिझनेस क्लासच्या दारवाल्या सीटला तर जास्तच. मग तोवर काय, तर जुनी विमानं चालूच राहतात. त्यामुळे ताफा बदलायच्या काळात एकाच मार्गावर, अगदी एकाच फ्लाइट नंबरवर, आज जुनं विमान जुन्या सीटचं, उद्या जुनंच विमान पण आतून नवीन केलेलं, परवा कोरं नवीन असं काहीही येऊ शकतं. कधी कधी दुसऱ्या एअरलाइनसाठी बनलेलं आणि तिने न घेतलेलं विमान येतं, म्हणजे विमान नवीन पण आतली रचना भलत्याच कंपनीच्या पसंतीची.

आता तपासायचं कसं. तिकीट काढताना ‘फ्लाइट डिटेल्स’ असं कुठेतरी बारीक अक्षरात असतं ते उघडा, तिथे विमानाचं नाव किंवा तीन अक्षरांचा कोड दिसेल. ३२० म्हणजे जुनं एअरबस ए३२०, ३२एन म्हणजे ए३२०निओ, ३२क्यू म्हणजे ए३२१निओ, ७एम८ म्हणजे बोइंग ७३७ मॅक्स ८, ७७डब्ल्यू म्हणजे ७७७-३००ईआर, ७८९ म्हणजे ७८७-९ आणि ३५९ म्हणजे ए३५०-९००. एवढे सहा-सात लक्षात ठेवले तरी बहुतेक काम भागतं.

पण नुसतं ‘नवीन’ बघून खूश होऊ नका, कारण नवीन दोन प्रकारचं असतं आणि हा फरक मला वाटतं सगळ्यात महत्त्वाचा आहे. ए३२०निओ, ७३७ मॅक्स, ए३३०निओ ही विमानं म्हणजे जुन्याच सांगाड्याला नवीन इंजिनं आणि इतर सुधारणा, निओचा अर्थच मुळी ‘न्यू इंजिन ऑप्शन’. इंधन पंधरा-वीस टक्के कमी लागतं, तो फायदा मुख्यतः कंपनीचा, आपल्याला मिळतं ते कमी आवाज आणि बहुतेक वेळा सामान ठेवायला वरचे मोठे कप्पे, ज्यात चाकांची बॅग आडवी न टाकता कडेवर उभी राहते. दुसरा प्रकार बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५०चा. यांचा सांगाडाच वेगळा, वजनाने साधारण निम्मा भाग कार्बन फायबरसारख्या कॉम्पोझिटचा. त्यामुळे आतला हवेचा दाब जास्त ठेवता येतो. साध्या भाषेत सांगायचं तर जुन्या विमानात उडताना आपलं शरीर ८००० फूट उंचीच्या डोंगरावर बसल्यासारखं असतं, ७८७ आणि ए३५० मध्ये ते ६००० फुटांपर्यंत खाली येतं, आणि कॉम्पोझिट गंजत नाही म्हणून हवेत ओलावाही थोडा जास्त ठेवता येतो. दहा-बारा तासांच्या प्रवासात घसा कोरडा पडणं, डोकं जड होणं, उतरल्यावर गळून जाणं यात फरक जाणवतो, मला स्वतःला खूप जाणवला. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन लांब जाणार असाल आणि दोन फ्लाइटमध्ये निवड असेल तर थोडे पैसे जास्त गेले तरी मी हेच विमान घेईन. श्वासाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलंच घेऊ नका, तिथे विमानाच्या मॉडेलवर विसंबून चालणार नाही.

आणि हो, ७८७ला खिडकीचं शटर नसतं, बटणाने काच गडद होते, आणि क्रू सगळ्या खिडक्या एकदम गडद करू शकतो. बाहेर बघत जायची हौस असेल तर हे आधी माहीत असलेलं बरं.

सीटच्या रुंदीचं मात्र विमानाच्या वयाशी काही देणंघेणं नाही. ७८७च्या इकॉनॉमीत एका रांगेत आठ सीट आरामात बसतील असा विचार आधी होता, बहुतेक कंपन्यांनी नऊ बसवल्या, त्यामुळे रुंदी १७ इंचांच्या आसपास येते. ७७७चं तेच, आधी नऊ असायच्या आता बऱ्याच ठिकाणी दहा. ए३५० मध्ये नऊ बसवूनही साधारण १८ इंच मिळतात. लहान विमानांत ए३२० जातीचं केबिन ७३७ पेक्षा थोडं रुंद आहे, आणि एअरबस ए२२० मिळालं तर सोडू नका, दोन-तीन अशी रांग असते, म्हणजे एका बाजूला मधली सीटच नाही आणि दुसऱ्या बाजूची मधली सीट उलट सगळ्यात रुंद, १९ इंच. नवीन केबिनमध्ये सीट पातळ असतात, त्याने गुडघ्याला जागा मिळते पण गादी कमी, चार तासांनंतर कंबर बोलायला लागते, तेव्हा छोटी उशी किंवा शाल घडी करून न्या. जुन्या ए३२० मध्ये १८० सीट म्हणजे डोक्यावरून पाणी वाटायचं, आता निओत १८६ सर्रास दिसतात, आणि जास्तीची जागा कुठून आली तर मागची टॉयलेट आणि किचन आवळून. म्हणून शेवटच्या दोन रांगा मी टाळतेच.

तर विमानाचा प्रकार कळला की एअरलाइनच्या साइटवरचा सीट मॅप उघडा आणि रांगेत किती सीट, दारं कुठे, टॉयलेट कुठे ते बघा, मग तोच प्रकार एरोलोपासारख्या साइटवर काढून ताडून बघा. तिथे एकाच एअरलाइनच्या एकाच मॉडेलचे दोन-तीन वेगळे नकाशे दिसले तर समजून जा की त्यांचं आतलं काम अर्धवट झालंय, आणि कुठला नकाशा आपल्या फ्लाइटशी जुळतो ते बिझनेसच्या सीट किती आहेत यावरून लगेच कळतं. त्यापुढे जायचं असेल तर फ्लाइटरडार२४ वर आपला फ्लाइट नंबर टाका, मागच्या आठवड्याभरात त्या नंबरवर कुठली कुठली विमानं उडाली ते त्यांच्या शेपटाजवळ लिहिलेल्या रजिस्ट्रेशन नंबरासकट दिसतं. सातही दिवस तेच मॉडेल असेल तर बऱ्यापैकी भरवसा, रोज वेगळं असेल तर पैसे भरून सीट निवडायच्या आधी दोनदा विचार करा.

हे एकदा बघून भागत नाही. तिकीट काढताना, मग निघायच्या आधी आठवडाभर, आणि चेक-इन उघडलं की परत, असं तीनदा बघाच. विमान बदललं की सिस्टम सीट आपोआप वाटते आणि त्याची मेल कधी येते कधी येतच नाही, लवकर लक्षात आलं तर चांगल्या सीट शिल्लक असतात.

‘ऑपरेटेड बाय’ पुढे भलतंच नाव दिसलं तर ते विमान क्रूसकट भाड्याने घेतलेलं असू शकतं. असं हल्ली बरंच होतं, कारण प्रॅट अँड व्हिटनीच्या ए३२०निओवाल्या इंजिनांत वापरलेल्या धातूच्या पावडरमध्ये दोष निघाल्याचं २०२३ मध्ये जाहीर झालं आणि तपासणीसाठी शेकडो विमानं जमिनीवर आली. कोऱ्या मॉडेलला सुरुवातीला असे त्रास होतातच, ७८७ सुद्धा बॅटरीच्या आगीमुळे २०१३ मध्ये जानेवारी ते एप्रिल जगभर बंद होतं. म्हणून एअरलाइनकडे नवीन मॉडेल येऊन दोन-तीनच महिने झाले असतील तर पुढची कनेक्टिंग फ्लाइट तासाभराची घेऊ नका, हातात भरपूर वेळ ठेवा. आणि जुनं विमान मिळालं म्हणून घाबरूही नका, ठरलेल्या वेळी त्याची तपासणी होतेच आणि दर काही वर्षांनी तर ते जवळजवळ पूर्ण उघडून बघतात, जुनं म्हणजे असुरक्षित असं नसतं.

आता विमान बदललंच तर काय मागायचं. एअरलाइनच्या अटींमध्ये विमानाच्या प्रकाराची हमी नसते, तेव्हा ‘मला ७८७च पाहिजे’ म्हणून भांडण्यात अर्थ नाही. पण ज्या सीटचे वेगळे पैसे घेतले ती मिळाली नाही तर ते पैसे परत मागा, आणि बरोबरचं माणूस लांब गेलं असेल तर काउंटरवर शांतपणे सांगा की विमान तुमच्याकडून बदललंय, आम्हाला एकत्र बसवा. वरच्या क्लासमधून खाली टाकलं तर प्रकरण वेगळं, युरोपियन युनियनच्या २६१ नंबरच्या नियमात अंतराप्रमाणे तिकिटाचे ३०, ५० किंवा ७५ टक्के परत द्यावे लागतात, बाकी देशांचे नियम आपापले, त्यामुळे जिथून उडताय तिथला नियम फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. आणि या सगळ्यासाठी पुरावा लागतो, म्हणून सीट निवडली त्याच दिवशी सीट मॅप, विमानाचं मॉडेल आणि पैसे भरल्याची पावती या तिन्हींचे स्क्रीनशॉट तारखेसकट काढून ठेवा, नंतर साइटवर जुना नकाशा दिसत नाही.