टेक्सासमध्ये थकलेला टोल 'गुन्हा' राहू नये असं वाटतंय? मग आमदाराला असं गाठा

डॅलस, ह्यूस्टन, ऑस्टिनकडच्या बऱ्याच मराठी लोकांना वाटतं की टोलचं बिल थकलं तर फार तर लेट फी लागेल. तसं नाहीये. नोटिशी येऊनही भरलं नाही तर टेक्सासच्या कायद्यात तो मिसडिमिनर होतो, म्हणजे छोटा का असेना पण फौजदारी गुन्हा, केस जस्टिस ऑफ द पीसच्या, म्हणजे छोट्या खटल्यांच्या स्थानिक कोर्टात जाते आणि तारखेला गेला नाहीत तर वॉरंटही निघू शकतं. दंड 250 डॉलरपर्यंत. पण व्हिसाच्या नाहीतर सिटिझनशिपच्या फॉर्मवर "कधी अटक, कधी शिक्षा" असं विचारतात तेव्हा दोन-तीन डॉलरच्या टोलपायी वकील शोधत बसायचं, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! (ज्यांची केस आत्ता चालू आहे त्यांनी आधी वकील गाठा, हे त्यांच्यासाठी नाही.)

आधी मागणी नीट ठरवा. आमदाराला लिहायच्या पत्रात "टोल माफ करा" असं चुकूनही लिहू नका, पत्र तिथेच बाजूला पडेल. मागायचं एवढंच की टोल वसूल करा, फी लावा, पण गुन्हा नको, सिव्हिल पेनल्टी (फौजदारी नसलेला, नुसता पैशांचा दंड) ठेवा. यासाठी टेक्सासच्या ट्रान्सपोर्टेशन कोडमधली (वाहतूक कायद्यातली) चार कलमं बदलायला लागतात: 228.055 टेक्सास डॉटच्या (राज्याच्या वाहतूक खात्याच्या) रस्त्यांसाठी, 284.0701 काउंटीच्या, 366.178 डॅलसकडचे टोल रस्ते चालवणाऱ्या एनटीटीएसाठी आणि 370.177 रीजनल मोबिलिटी ऑथॉरिटीज, म्हणजे इतर भागांतल्या तशाच स्थानिक संस्थांसाठी. एकच कलम बदललं तर शेजारच्या रस्त्यावर गुन्हा तसाच राहतो, आणि 2017 मध्ये साधारण हेच झालं. सिनेट बिल 312 या विधेयकाने फी टोलच्या एका बिलाला 6 डॉलर आणि वर्षाला 48 डॉलरवर आणली, दंडालाही वर्षाला 250 ची मर्यादा घातली, पण फक्त टेक्सास डॉटच्या रस्त्यांना, आणि गुन्हा हा शब्द काही गेला नाही. म्हणून पत्रात चारही नंबर लिहाच.

दुसरीकडे कसं चालतं तेही एका ओळीत टाका. कॅलिफोर्नियात टोल चुकवणं सिव्हिलच आहे, आणि 2022 च्या असेंब्ली बिल 2594 ने पेनल्टीवरही मर्यादा आणली.

आता वेळ. टेक्सासची विधानसभा दोन वर्षांतून एकदा, विषम सालात, फक्त 140 दिवस भरते, पुढचं अधिवेशन 12 जानेवारी 2027 ला. नोव्हेंबरच्या निवडणुकीनंतरच्या सोमवारपासून बिलं (विधेयकं) आधीच दाखल करता येतात आणि मार्चच्या मध्यापर्यंत सर्वसाधारण बिलांचा दरवाजा बंद होतो, त्यामुळे फेब्रुवारीत जाग आली तर उशीर झाला समजा. ऑक्टोबरमध्येच तुमच्या हाऊस आणि सिनेट, विधानसभेच्या दोन्ही सभागृहांतल्या आमदारांच्या ऑफिसला फोन लावा आणि ट्रान्सपोर्टेशनचं काम बघणाऱ्या स्टाफरशी बोला. खरं काम तोच करतो, आमदार हात मिळवतात. एच-वन-बी वाल्यांनो, मत देता येत नाही म्हणून गप्प बसू नका, त्या मतदारसंघात राहता हे पुरेसं आहे. पत्र एका पानाचं, वरती पत्ता आणि झिप कोड, आणि शेजाऱ्यांची पाच पत्रं असली तर प्रत्येकाने आपल्या शब्दांत लिहावं, कॉपी-पेस्ट लगेच कळतं.

बिल कमिटीत गेलं की सुनावणी लागते आणि नोटीस जेमतेम काही दिवस आधी येते, म्हणून लेजिस्लेचरच्या साइटवर बिल नंबर टाकून अलर्ट लावून ठेवा. ऑस्टिनला कॅपिटॉलमध्ये गेलात तर न बोलताही नुसतं 'फॉर' (बिलाच्या बाजूने) म्हणून नाव नोंदवता येतं. बोलायचं असेल तर दोन-तीन मिनिटंच मिळतात, तेव्हा घरून घड्याळ लावून बोलून बघा. जाणं शक्य नसेल तर हाऊसच्या सुनावणीला ऑनलाइन कमेंट टाकता येते.

विरोध कुठून येणार हे आधीच ओळखा. टोल ऑथॉरिटीज बाँड (कर्जरोखे) काढून रस्ते बांधतात, ते कर्ज टोलमधून फिटतं, त्यामुळे "धाक गेला तर कोण भरणार" हा प्रश्न येणारच. उत्तर त्यांच्याच कायद्यात आहे: 2013 पासून वर्षात 100 किंवा जास्त टोल थकवणाऱ्याचं गाडीचं रजिस्ट्रेशन अडवता येतं. रजिस्ट्रेशन अडलं की माणूस झक मारत पैसे भरतो, वॉरंटची गरज कशाला?

आणि कायदा बदलेपर्यंत घर बदललं की गाडीच्या रजिस्ट्रेशनवरचा पत्ता त्याच आठवड्यात बदला, नोटिशी त्याच पत्त्यावर जातात.