अंथरूण आधी, पडदे मागून

आईला किंवा आजोबांना पुण्यातल्या एखाद्या वृद्ध सेवा केंद्रात ठेवायचं ठरलं की घरात पडद्यांच्या रंगावर चर्चा सुरू होते. ते सावकाश बघा. आधी पाठीखालची तयारी.

चादरी सुती, वापरून मऊ पडलेल्या घ्या. चार तरी हव्यातच. जुलै-ऑगस्टमध्ये आणखी दोन, कारण झडीत कपडे वाळता वाळत नाहीत आणि दमट चादरीवर कातडी लवकर सोलवटते. कोऱ्या चादरीची खळ आधी धुऊन काढा. सोलापुरी चादर पांघरायला झकास, पण अंगाखाली तिची जाड वीण टोचते. रबरी शीट टाकली तर वर आडवी चादर हवीच. माणसाला उशीकडे वर सरकवताना ही आडवी चादरच दोन्ही बाजूंनी धरून दोघांनी उचलायचं. काखेत हात घालून ओढलं की माकडहाडापाशी कातडी घासली जाते आणि बेडसोरची, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात होते.

चादर ताणून कोपरे गादीखाली खोचले की तळहात सपाट फिरवा. पोळीचा कण, गोळीच्या पाकिटाचा चंदेरी तुकडा डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागतो.

हवेची गादी (पंपाने हवा भरून अंगावरचा दाब कमी करणारी) घेतली असेल तर तिच्यावर एकच पातळ चादर. प्रेमापोटी गोधडी अंथरली की गादीचे पैसे पाण्यात! पंप विजेवर चालतो, म्हणून खोलीला इन्व्हर्टर आहे का हे दाखल करण्याआधीच विचारा. गादी असली तरी कूस बदलणं चुकत नाही. स्वतः हलता येत नसेल तर साधारण दर 2 तासांनी. पोटरीखाली उशी द्या, टाचा अधांतरी राहू द्या. मधे भोक असलेली गोल उशी मात्र कुणी कितीही सुचवली तरी नको. तिच्या कडांच्या दाबाने रक्तपुरवठा अडतो. लाल डाग दिसला तर बोटाने दाबून बघा. दाबूनही फिका पडत नसेल तर चोळू नका, सिस्टरना लगेच दाखवा. सावळ्या कातडीवर लाली कळत नाही; तिथे आसपासपेक्षा गरम, कडक किंवा दुखरं लागतं का ते तपासा.

खोलीचं काम त्यामानाने सोपं. कॉटच्या चाकांना ब्रेक, बेल हाताशी, रात्री मंद दिवा, खिडकीला डासांची जाळी. घसरणारं पायपुसणं काढून टाका. फिनेलचा घमघमाट म्हणजे स्वच्छता नव्हे. कॉटचे कठडे, बेलचं बटण, कमोडच्या खुर्चीचे हात रोज पुसले जातात का ते मावशींना विचारा. विचारताना सुपरवायझरचा आव नको, त्यांचं काम आधीच पाठ मोडणारं आहे. डायपर ओला झाला की लगेच बदलायचा, सकाळ-संध्याकाळची वाट बघायची नाही, हे मात्र स्पष्ट बोलून घ्या.

आणि प्रत्येक चादरीच्या, अभ्र्याच्या कोपऱ्यावर पक्क्या शाईने नाव घाला. सगळ्यांचे कपडे एकाच मशीनमध्ये जातात.