घरी इलेक्ट्रिक गिटार बनवताना या चुका टाळा

घरी बनवलेली पहिली इलेक्ट्रिक गिटार बहुधा कामाचा क्रम चुकल्यामुळे बिघडते. वखारीतून चांगली फळी हाती लागली की आकार कापण्याचा मोह आवरत नाही. ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो आधार), पिकअप (तारांची कंपने विजेच्या संकेतांत बदलणारा भाग) आणि ट्यूनर (तारा ताणायच्या खुंट्या) नंतर मागवले जातात आणि मग ते आधीच कापलेल्या लाकडात बसवण्यासाठी तडजोडी सुरू होतात. तारा चढवल्यावर ज्या दोषांची लक्षणे दिसतात, त्यांतील बरेचसे दोष करवत चालण्यापूर्वीच ठरून गेलेले असतात. म्हणून धातूचे सर्व सामान आधी घ्यावे, ते व्हर्नियर कॅलिपरने मोजावे आणि गिटार वरून कशी दिसते व बाजूने कशी दिसते, अशी दोन चित्रे पूर्ण मापात काढावीत. बाजूचे चित्र काढण्याचा बहुतेक जण कंटाळा करतात, आणि सर्वांत महागात पडणारी चूक नेमकी तिथेच होते.

ती चूक नेकच्या, म्हणजे गिटारच्या लांब दांड्याच्या, कलाची. फेंडर कंपनीच्या पद्धतीच्या, स्क्रूने जोडायच्या नेकच्या टाचेची (बॉडीत बसणाऱ्या टोकाची) जाडी फ्रेटबोर्डसह (तारा ज्यावर दाबतात त्या पट्टीसह) साधारण २५ मिमी आणि बॉडीतील खाचेची खोली सुमारे १६ मिमी असते. म्हणजे फ्रेटबोर्डचा पृष्ठभाग बॉडीच्या ९ मिमी वर राहतो आणि बुटका, सपाट ब्रिज त्याला जुळतो. गिब्सन कंपनीच्या गिटारींवर दिसणारा ट्यून-ओ-मॅटिक ब्रिज मात्र उंच असतो, आणि त्यासाठी नेक काही अंश मागे कललेली असावी लागते. दिसायला आवडला म्हणून हा ब्रिज सपाट खाचेच्या गिटारवर बसवला, तर तो अगदी खाली नेऊनही तारा फ्रेटबोर्डपासून इतक्या उंच राहतात की वरच्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे फ्रेटबोर्डवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) वाजवणे नकोसे होते. नेक बॉडीला जिथे मिळते तिथून ब्रिज २५० मिमीवर आहे असे धरले, तर १ अंशाच्या कलाने ब्रिजपाशी सुमारे ४.४ मिमीचा फरक पडतो, हे गणित कागदावर पाच मिनिटांत कळते आणि लाकडावर कळायला महिना लागतो. चूक होऊन गेलीच असेल, तर ब्रिजच्या बाजूला जाड आणि हेडस्टॉकच्या (ट्यूनर असलेल्या टोकाच्या) बाजूला निमुळती होत जाणारी, खाचेच्या पूर्ण मापाची लाकडी पाचर घालावी. पुठ्ठ्याचा तुकडा एका टोकाला सारूनही वेळ मारून नेता येते, पण मधल्या पोकळीमुळे टाचेला पूर्ण आधार मिळत नाही.

दुसरी चूक आखणीची. सुतारकामात ‘एखादे सूत इकडे-तिकडे’ चालून जाते, पण एक सूत म्हणजे ३ मिमीपेक्षा किंचित जास्त, आणि फ्रेटच्या खाचांना ०.२ मिमीसुद्धा नको असतो. नटपासून (हेडस्टॉकजवळच्या, तारांसाठी खाचा असलेल्या पट्टीपासून) ब्रिजपर्यंतची लांबी ६४८ मिमी असेल तर तिला १७.८१७ ने भागून पहिला फ्रेट नटपासून ३६.३७ मिमीवर येतो; उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच संख्येने भागत गेले की बारावा फ्रेट बरोबर ३२४ मिमीवर पडतो. हिशेब असा टप्प्याटप्प्याने करावा, मात्र लाकडावर खुणा करताना प्रत्येक अंतर नटपासूनच मोजावे. एका खुणेपासून पुढची खूण मोजत गेल्यास ०.२ मिमीची चूक २२ फ्रेटांत ४ मिमीपेक्षा जास्त होते, आणि अशी गिटार कितीही वेळा लावली तरी सुरात येत नाही. ब्रिजची भोके पाडण्यापूर्वी नेक तात्पुरती बसवून दोन्ही ई तारांच्या (सर्वांत जाड आणि सर्वांत पातळ अशा कडेच्या तारांच्या) जागी दोरा ताणून पाहावा. दोन्ही दोरे फ्रेटबोर्डच्या कडांपासून सारख्या अंतरावर असावेत. पातळ ई तारेचा सॅडल (ब्रिजवरचा, तार टेकते तो सरकता तुकडा) पुढच्या मर्यादेजवळ ठेवून तो ६४८ मिमीवर आणावा, कारण जाड तारांच्या सॅडलना त्याहून २ ते ३ मिमी मागे सरकायला जागा लागते. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता, बोट नुसते टेकवून काढलेल्या सुरापेक्षा) चढा येत असेल आणि सॅडल मागे नेण्यास वाव उरला नसेल, तर जुनी भोके कठीण लाकडाच्या खुंट्यांनी बुजवून ब्रिज नव्याने बसवण्याला पर्याय नाही.

लाकडाबाबत वखारवाल्याच्या ‘एकदम सुकलेले आहे’ या शब्दावर विसंबू नये. हवेत ८० ते ८५ टक्के आर्द्रता असेल तर लाकडातील पाण्याचे प्रमाण १६ ते १८ टक्क्यांवर स्थिरावते, तर ३० टक्के आर्द्रतेत ते ६ टक्क्यांच्या आसपास येते. रत्नागिरीत ऑगस्टमध्ये पूर्ण केलेली नेक मे महिन्यात नागपुरात गेली की फ्रेटबोर्ड रुंदीत आकसतो, लांबीत जवळजवळ नाही, आणि फ्रेटची टोके कडेबाहेर येऊन तळहाताला टोचतात. ती कानशीने घासता येतात. पिळलेल्या नेकला मात्र उपाय नाही, कारण ट्रस रॉड (नेकच्या आतला, ताण कमीजास्त करता येणारा धातूचा दांडा) नेकचा बाक सुधारतो, पीळ सुधारत नाही. फळ्यांमध्ये लाकडी पट्ट्या ठेवून त्या घरातच रचाव्यात, दर आठवड्याला वजन करावे आणि वजन बदलणे थांबेपर्यंत कापू नये. सतारींसाठी वापरले जाणारे तूनाचे लाकूड हलके असते आणि बॉडीला चांगले चालते. जुन्या वाड्यातील सागवान उत्तम सुकलेले असते, पण त्यात मोडलेले खिळे असू शकतात, म्हणून राउटर (लाकूड कोरण्याचे यंत्र) लावण्यापूर्वी त्यावरून लोहचुंबक फिरवावे. आणि सागवान तेलकट असल्याने चिकटवण्यापूर्वी सांधा ॲसिटोनने पुसावा. जुन्या लाकडाला नाके मुरडणाऱ्यांना एक आठवण द्यावीशी वाटते: क्वीन या रॉक बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांनी १९६३ पासून वडिलांबरोबर घरी जी गिटार घडवली, तिची नेक शेकोटीच्या जुन्या चौकटीतील महोगनीची आहे आणि त्यातील किडीची भोके आगकाड्यांनी बुजवलेली आहेत.

राउटरने एका फेरीत ३ ते ४ मिमीपेक्षा जास्त खोल जाऊ नये. बॉडीच्या शिंगांपाशी लाकडाचे धागे आडवे येतात आणि तिथे ढलपी उडते, त्यामुळे तो भाग करवतीने रेषेच्या अगदी जवळ कापून राउटरसाठी मिलिमीटरभरच शिल्लक ठेवावा. धुळीसाठी मास्क लावावा. शिसवाची धूळ विशेष त्रासदायक असते.

नेकचे स्क्रू घट्ट करूनही टाच आणि खाच यांत कागद सरकत असेल, तर बॉडीतील भोके अरुंद आहेत असे समजावे. स्क्रूचे आटे फक्त नेकच्या लाकडात रुतले पाहिजेत. बॉडीतून स्क्रू सैल जायला हवा, नाहीतर दोन्ही भाग एकमेकांकडे ओढलेच जात नाहीत.

तारा चढवल्यावर खरखर ऐकू आली की लगेच सगळे फ्रेट घासायला घेणे ही घाई आहे. खरखर फक्त मोकळ्या तारेवर असेल तर नटची खाच खोल गेली आहे. ती पहिल्या पाच फ्रेटांत असेल तर नेक फार सरळ आहे. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून सातव्या फ्रेटपाशी तिच्याखाली ०.२ ते ०.३ मिमी फट राहील इतका ट्रस रॉड सैल करावा. एकाच फ्रेटवर असेल तर त्याच्या पुढचा फ्रेट उंच आहे, आणि तो आधी हलक्या हाताने ठोकून पाहावा, कारण अनेकदा तो नीट बसलेलाच नसतो.

गुणगुण हा शेवटचा आणि सर्वांत फसवा दोष आहे. तारांना हात लावल्यावर ती कमी होत असेल तर ब्रिजची अर्थ वायर ठीक आहे. उरलेली गुणगुण कमी करण्यासाठी पिकअपच्या खाचांना तांब्याची पट्टी लावून ती अर्थला जोडावी. हात लावल्यावर गुणगुण वाढत असेल तर जॅकच्या (केबल लावायच्या भोकाच्या) दोन वायरी उलट जोडल्या गेल्या आहेत का, हे आधी तपासावे. दोन पिकअप एकत्र लावल्यावर आवाज पातळ आणि पोकळ येत असेल तर एका पिकअपच्या दोन वायरींची अदलाबदल करावी. जुन्या घरांत तीन पिनच्या सॉकेटला कधीकधी अर्थिंगच नसते, आणि गिटारच्या तारा ॲम्प्लिफायरच्या अर्थशी जोडलेल्या असतात, म्हणून गिटार जोडण्यापूर्वी इलेक्ट्रिशियनकडून सॉकेट तपासून घ्यावे. यात चालढकल नको.

लॅकर पावसाळ्यात मारू नये. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतील बाष्प त्यावर जमते आणि चकाकीऐवजी दुधाळ पांढरा थर राहतो. दसऱ्यानंतरच्या कोरड्या हवेत, सकाळी उन्हे वर आल्यावर, पातळ थर द्यावेत. आणि त्याआधी नेकची खाच चिकटपट्टीने झाकून घ्यावी, कारण रंगाच्या थरांनी खाच अरुंद झाली तर आधी नीट बसलेली नेक पुन्हा बसत नाही, आणि ती ठोकून बसवताना खाचेच्या कोपऱ्यातला नवा रंग तडकतो.