स्लरी पाइपलाइनच्या कामात नवीन असाल तर: मोठा पाइप म्हणजे सेफ पाइप नाही

डार्सी-वाइसबाख, मूडी चार्ट, पंप कर्व्ह हे पाण्याच्या पाइपचं सगळं गणित कॉलेजात झालंय असं धरतो, ते परत सांगत बसत नाही. अडचण अशी की हे सगळं नीट येणारी पोरंच स्लरीत, म्हणजे पाण्यात मिसळलेल्या घन मालात, जास्त गोंधळतात, कारण हात पाण्यावर बसलेला असतो.

पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारा, आपली स्लरी खाली बसणारी आहे की न बसणारी? किरंदुल ते विशाखापट्टणम 267 किमी लोहखनिज पाइपमधून जातं, कुद्रेमुखहून मंगळूरला 67 किमी जायचं, ते जमतं कारण खनिज पिठासारखं बारीक दळलेलं असतं आणि दीड-दोन मीटर पर सेकंदाला पण तरंगत राहतं. थर्मल प्लांटची बॉटम अ‍ॅश (बॉयलरच्या तळाची जाड राख), नदीची वाळू, मिलमधलं जाडं टेलिंग (खनिज काढून उरलेला गाळ) यांचं तसं नाही. आणि फ्लाय अ‍ॅश (धुराबरोबर उडणारी बारीक राख) वजनाने 60 टक्क्यांच्या वर घट्ट केली की ती तिसरंच काहीतरी होते, पिठल्यासारखी, ठरावीक जोर लागेपर्यंत हलतच नाही. तिची गणितं वेगळी, तो विषय आज नको.

आता मला सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट, आणि ही मी जरा घोळवूनच सांगणार आहे. पाण्यात वेग कमी केला की प्रेशर ड्रॉप कमी होतो, विषय संपला. बसणाऱ्या स्लरीत तसं नसतं. वेग कमी करत आणला की ड्रॉप आधी उतरतो, मग एका जागी सगळ्यात कमी होतो आणि त्याच्याही खाली गेलात की परत वर चढायला लागतो, कारण कण तळाला घासत सरकायला लागतात आणि शेवटी थर बसतो. ज्या वेगाच्या खाली थर बसतो त्या मर्यादेसाठी फ्रान्सच्या ड्युरां आणि कॉन्डोलिओस यांनी 1950च्या दशकात एक सोपं सूत्र दिलं, एक गुणांक गुणिले (2 × g × पाइपचा व्यास × (घनाची स्पेसिफिक ग्रॅव्हिटी वजा 1)) याचं वर्गमूळ. व्यास वर्गमुळाच्या आत आहे, हे बघून ठेवा.

आकडे टाकू. अर्धा मिमीची वाळू, ग्रॅव्हिटी 2.65, गुणांक 1.3 धरा. 150 मिमी पाइपला मर्यादा येते साधारण 2.9 मीटर पर सेकंद. फ्लो तासाला 200 घनमीटरच्या थोडा वर असेल तर वेग 3.2, म्हणजे चाललं, मार्जिन कमी आहे पण चाललं. आता कोणीतरी म्हणतं 200 चा टाका ना, सेफ राहील, फ्रिक्शन कमी, वीज कमी. त्याच फ्लोला वेग पडला 1.8 वर आणि मर्यादा मात्र चढली 3.3 वर! दोन्ही बाजूंनी मार बसला. पाण्याच्या लाइनला जो सल्ला शंभर टक्के बरोबर, तोच इथे लाइन चोक करतो.

आणि चोक एकदम होत नाही म्हणून ते कळतही नाही. थर बसला की वरची जागा कमी होते, तिथला वेग वाढतो, काही काळ लाइन स्वतःला सावरून घेते. पण रेझिस्टन्स वाढलेला असतो, सेंट्रिफ्युगल पंप त्या वाढलेल्या हेडला कमी फ्लो देतो, फ्लो कमी झाला की अजून थर, अजून रेझिस्टन्स, अजून कमी फ्लो. व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) आरपीएम उतरवून वीज वाचवायला गेलात तरी हाच खेळ सुरू होतो. डिस्चार्ज प्रेशर चढतंय आणि अँपिअर उतरतायत असं एकत्र दिसलं तर चहा नंतर प्या.

घाबरून मग वेग पाचवर नेऊ नका. झीज वेगाच्या वर्गापेक्षाही जोरात वाढते, बेंड आधी जातात, मग पाइपचा तळ. म्हणून तर अ‍ॅश लाइनचे पाइप ठरावीक काळाने फिरवून लावतात, म्हणजे तळ एकाच बाजूने झिजत नाही. मर्यादेच्या थोडं वर राहायचं, बस.

टक्केवारी वजनाची की आकारमानाची हे दर वेळी विचारा, लाज वाटू देऊ नका. वाळूची वजनाने 30 टक्के स्लरी आकारमानाने 14 पण नसते.

माझं एक वैयक्तिक मत, पटलं तर घ्या. सीनियरची एक्सेल शीट हा सगळ्यात वाईट गुरू. आत कणांचा कुठला आकार, कुठला गुणांक हे कुणालाच आठवत नसतं आणि बहुतेक शीट पाण्याच्याच असतात, फक्त डेन्सिटी बदललेली. सीएफडीची (कॉम्प्युटरवरच्या प्रवाहाच्या सिम्युलेशनची) रंगीत चित्रं तर पहिल्या वर्षी उघडूच नका. त्यापेक्षा शिफ्टमधल्या जुन्या पंप ऑपरेटरच्या मागे फिरा, तो पाइपच्या तळाला रॉड टेकवून कानाने सांगतो माल सरकतोय की उडत चाललाय. त्याला अहो-जाहो करा, वयाने मोठा असतो आणि तुमच्या डिग्रीने त्याला काही फरक पडत नाही.

सुरुवातीला काहीच सुधरत नाही, हे नॉर्मल आहे. आकडे हाताने मांडत गेलात की सहा-आठ महिन्यांत अंदाज यायला लागतो.

आणि ड्रॉइंगवर सही करायच्या आधी फ्लशिंगची, म्हणजे लाइन धुवायच्या पाण्याची, टाकी बघा. 150 च्या एक किमी लाइनच्या पोटात जवळपास 18 घनमीटर माल असतो. बंद करताना तेवढं तरी पाणी त्याच तीनच्या वेगाने जायला हवं, नळ सोडल्यासारखं बारीक धारेने नाही. टाकी 10 ची दाखवली असेल तर ड्रॉइंग परत पाठवा.