बोर्ड घेऊन येण्याआधी एवढं करून या

तुमचा सी प्रोग्राम रिस्क-फाइव्हवर (हा प्रोसेसरचा एक मुक्त सूचनासंच) चालवून बघायला शनिवारी बोर्ड घेऊन माझ्याकडे बजाजनगरला याल, तेव्हा सोबत एक कागद हवा. त्यावर तीनच गोष्टी लिहा: तुमच्या चिपला नेमक्या कोणत्या सूचना कळतात, एबीआय (फंक्शनांनी एकमेकांना माहिती कशी द्यायची याचे नियम) कोणता, आणि सी लायब्ररी कोणती. हे डेटाशीटमधून काढा, कुणाच्या जुन्या मेकफाइलमधून (कोड कसा बनवायचा ते सांगणाऱ्या फाइलमधून) उचलू नका. उदाहरणार्थ सी-डॅक या सरकारी संस्थेची तेजस३२ ही चिप घ्या: १०० मेगाहर्ट्झ, २५६ केबी एसरॅम (मेमरी) आणि आरव्ही३२आयएम हा सूचनासंच. म्हणजे पूर्णांकांचा गुणाकार-भागाकार हार्डवेअरमध्ये आहे. फ्लोटिंग पॉइंट (अपूर्णांकांचं गणित) नाही, अ‍ॅटॉमिक (मध्येच न तुटता एका दमात होणाऱ्या क्रिया) नाही आणि १६ बिटांच्या आखूड सूचनाही नाहीत. एबीआय अर्थातच आयएलपी३२.

या शेवटच्या 'नाहीत'पायी माझ्या दोन संध्याकाळी गेल्या आहेत. कोड बिनतक्रार लिंक झाला, बोर्डावर चढला, आणि पुढे काहीच नाही. सिरियलवर एक अक्षर येईना. माझा कोड आरव्ही३२आयएमसाठीच कंपाइल झाला होता, पण जोडलेली लायब्ररी आखूड सूचनांसह बनवलेली होती. फ्लोटचा एबीआय जुळला नाही तर लिंकर (तुकडे जोडून एक प्रोग्राम बनवणारा) तिथेच अडवतो. आखूड सूचनांची सरमिसळ मात्र तो मुकाट्याने होऊ देतो, आणि मग चिप पहिल्याच अनोळखी सूचनेवर अडकते. म्हणून फ्लॅश करण्याआधी (बोर्डावर चढवण्याआधी) तयार फाइलवर रीडएल्फ ही कमांड चालवून हेडरमधले फ्लॅग बघा. तिथे 'आरव्हीसी', म्हणजे आखूड सूचना, दिसलं आणि तुमच्या चिपला ते येत नसेल, तर पुढे जाऊ नका. क्यूएमूवर (लॅपटॉपवर दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) चाललं म्हणून निर्धास्त होऊ नका. त्याच्या नेहमीच्या प्रोसेसर मॉडेलला या आखूड सूचना येतात. सीपीयूच्या पर्यायात 'सी' (याच आखूड सूचना) बंद करूनच तपासा.

टूलचेन (कंपायलर, असेंबलर, लिंकर असा संच) सोर्सपासून बनवायची हौस आवरा. उबंटू-डेबियनवर रिस्क-फाइव्हचा तयार क्रॉस कंपायलर (लॅपटॉपवर चालून बोर्डासाठी कोड बनवणारा) मिळतो आणि प्रोजेक्टला तो पुरतो. फक्त 'अननोन-एल्फ' नावाच्या त्या पॅकेजसोबत सी लायब्ररी येत नाही, त्यामुळे पहिल्याच ओळीला 'एसटीडीआयओ.एच सापडत नाही' असं उत्तर येईल. कंपायलर बिघडलेला नाही. पिकोलिबसी ही छोटी सी लायब्ररी वेगळी बसवा. ते झालं की मल्टिलिबची (लायब्ररी कोणकोणत्या सूचनासंच-एबीआयसाठी बनवली आहे त्याची) यादी छापून घ्या आणि कागदावरची सूचनासंच-एबीआयची जोडी तिच्यात आहे ना, हे पडताळा.

बोर्डासोबत आलेला नमुना कोड जुना असेल तर 'सीएसआरआर ही सूचना ओळखत नाही' अशी तक्रार हमखास येते. २०२२ साली आलेल्या बिनयुटिल्स (असेंबलर-लिंकरचा संच) २.३८ पासून कंट्रोल रजिस्टरच्या सूचना मूळ संचातून वेगळ्या धरल्या जातात. कंपायलरला सूचनासंच सांगणाऱ्या एमआर्च पर्यायाच्या शेवटी अधोरेषा देऊन 'झेडआयसीएसआर' जोडा, काम होतं.

ज्यांच्याकडे लिनक्स चालणारा मोठा बोर्ड आहे त्यांनी जीसीसी या कंपायलरची आवृत्ती बघून या. १३च्या आधीची असेल तर एक-दोन बाइटच्या अ‍ॅटॉमिक क्रियांवर 'अनडिफाइन्ड रेफरन्स' येतो; लिबअ‍ॅटॉमिक ही लायब्ररी जोडावी लागते. आणि जुन्या पॅकेजची कॉन्फिगर स्क्रिप्ट 'मशीन ओळखत नाही' म्हणाली तर मशीन ओळखणाऱ्या कॉन्फिग.गेस आणि कॉन्फिग.सब या दोन फाइली नव्या आणून ठेवा.

आता तुमचा स्वतःचा कोड, कारण ज्याला आपण कंपायलरचा दोष म्हणतो तो बहुतेक वेळा इथेच सापडतो. आपल्या लॅपटॉपवर 'कॅर' (एका बाइटचा प्रकार) चिन्हासह, म्हणजे ऋण आकडेही धरणारा असतो, तर आर्म, पॉवरपीसी, रिस्क-फाइव्हवर चिन्हाविना. एकेक अक्षर वाचणाऱ्या गेटकॅरचं उत्तर 'कॅर'मध्ये साठवून ईओएफशी (फाइल संपल्याची खूण, ऋण आकडा) ताडून बघणारं लूप घरी नीट थांबतं आणि बोर्डावर कधीच थांबत नाही. तो व्हेरिएबल 'इंट' करा. आणि बोर्ड हातात नसतानाही हे पकडता येतं: घरच्याच जीसीसीला 'अनसाइन्ड कॅर'चा फ्लॅग देऊन सगळे टेस्ट एकदा चालवा. बाइट पॉइंटर सरळ इंट पॉइंटरमध्ये बदलून वाचत असाल तर तिथे मेमकॉपी (बाइट नकलणारं फंक्शन) घाला. x८६ (आपल्या लॅपटॉपचा प्रोसेसर) इंटच्या मापाच्या पटीत नसलेल्या अशा तिरप्या पत्त्यांकडे दुर्लक्ष करतो. स्पार्क प्रोसेसर मात्र बस एरर देऊन प्रोग्राम मारतो. बाइटचा क्रम उलटा असलेलं मशीन हवं असेल तर क्यूएमूमध्ये एस३९०एक्स (आयबीएमचे मेनफ्रेम) आहे.

एवढी यातायात कशासाठी, असं घरचे विचारतील. मार्च २०२५ मध्ये इस्रोला दोन ३२ बिटी प्रोसेसर मिळाले, विक्रम आणि कल्पना. कल्पना स्पार्क व्ही८ पाळतो, त्यामुळे उपलब्ध मुक्त टूलचेन त्याला चालतात. विक्रमचा सूचनासंच स्वतःचा, म्हणून एडा या भाषेचा कंपायलर, असेंबलर, लिंकर, सिम्युलेटर हे सगळं इस्रोने घरीच लिहिलं. ते काम करणारी माणसं आपल्याला लागणार आहेत, आणि ती तुमच्यातून यावीत असं मला मनापासून वाटतं.

तरीही कुणाला जीसीसी सोर्सपासून बनवायचाच असेल तर डिस्कवर कित्येक जीबी मोकळे ठेवा आणि काम पहाटे लावा. मे महिन्यात दुपारी पारा ४५च्या घरात असतो, लॅपटॉप तापून वेग टाकतो, त्यात लाइट गेली की संपलंच. लॅपटॉप घरच्या पाण्याच्या कूलरच्या झोतात ठेवू नका, ती हवा ओली असते. जीएमपी, एमपीएफआर, एमपीसी या जीसीसीला लागणाऱ्या गणिती लायब्रऱ्या आणणारी स्क्रिप्ट आधीच चालवून ठेवा, ऐनवेळी नेटवर विसंबू नका.

आणि यूएसबी केबल डेटाची आणा, नुसती चार्जिंगची नको.