स्टॅम्प काँक्रीटचं अंगण कसं करावं: ठाणे-नवी मुंबईच्या हवेत

दिसायला दगडी फरशी, पण प्रत्यक्षात एकसंध ओतलेला स्लॅब, हे स्टॅम्प काँक्रीट. ओलं काँक्रीट ओतायचं, वर हार्डनर (पृष्ठभाग कठीण करणारी रंगीत पावडर) मारायचा आणि ते आवळायला लागलं की रबरी साचे दाबून दगडाचा पोत उठवायचा. कृती एवढीच आहे. काम बिघडतं ते बहुतेक वेळा पाण्यामुळे: पृष्ठभागावर पाणी दिसत असताना घाई केली, किंवा ते गेल्यावर चहाला बसलात.

हिशेबासाठी घोडबंदर रोडवरच्या एखाद्या बंगल्यासमोरचं, एक कार उभी राहील असं 20 फूट × 16 फुटांचं अंगण धरू. क्षेत्रफळ साधारण 30 चौरस मीटर. जाडी 125 मिमी ठेवली तर 3.75 घनमीटर काँक्रीट लागतं, मागवा 4. हार्डनर चौरस मीटरला 3 किलो, म्हणजे 25 किलोच्या चार गोण्या. साचा चिकटू नये म्हणून लागणारी रिलीज पावडर चौरस मीटरला सुमारे 150 ग्रॅम, म्हणून 5 किलो पुरे. साचे किमान सहा, आणि कडेला वाकवता येईल असा एक लवचिक साचा वेगळा. माणसं पाच तरी हवीत. दोघांच्या भरवशावर हे काम सुरू करू नका, अर्धं अंगण हाताखालीच घट्ट होईल.

सोसायटीच्या आवारात पाण्याचा टँकर वळत असेल तर 125 मिमीवर भागणार नाही. 10,000 लिटरच्या टँकरमध्ये नुसतं पाणीच 10 टन असतं, गाडीचं वजन वेगळं. तिथे जाडी आणि लोखंड इंजिनिअरकडून ठरवून घ्या.

जमीन आणि उतार

नवी मुंबईत खाडीलगत भराव टाकलेली जमीन पुष्कळ आहे. भराव बसत राहतो आणि वरचा स्लॅब कितीही देखणा असला तरी तडकतो. म्हणून मऊ माती काढून टाका, मुरूम 100 ते 150 मिमीच्या थरांनी भरा, प्रत्येक थरावर हलकं पाणी मारून कॉम्पॅक्टर फिरवा. त्यावर 150 मिमी सोलिंग (मोठ्या दगडांचा थर), फटींत ग्रिट (बारीक खडी), आणि पुन्हा कॉम्पॅक्टर. टाच जोरात मारली आणि खळगा पडला, तर अजून दाबायचं आहे.

उतार घराच्या जोत्यापासून बाहेर, 1:80. म्हणजे 20 फुटांत जवळपास 3 इंच. लेव्हल पाइपने दोन्ही टोकांना खुणा करून लाइनदोरी बांधा. ड्रेनेजच्या चेंबरची झाकणं याच वेळी नव्या पातळीला उचला. गॅसच्या किंवा पाण्याच्या नळासाठी, पुढे कधीतरी लागेल म्हणून, 100 मिमीचा रिकामा पीव्हीसी पाइप आडवा टाकून ठेवा. पेव्हर ब्लॉक उचलून परत बसवता येतात, इथे मात्र फोडलेला तुकडा पुन्हा त्याच रंगात जुळत नाही.

भिंत, खांब आणि चेंबरच्या चौकटीभोवती 12 मिमी थर्माकोलची पट्टी उभी लावा. 8 मिमीच्या सळया दोन्ही दिशांनी 200 मिमीवर, कव्हर ब्लॉकवर (सळया उचलून धरणारे छोटे ठोकळे) चढवून, जाडीच्या वरच्या भागात पण पृष्ठभागाखाली 40 मिमी राहतील अशा. जमिनीवर पडलेली जाळी भेगा आवरत नाही.

काँक्रीट आणि रंग

रेडीमिक्स (कारखान्यातून तयार येणारं काँक्रीट) किमान एम-25 ताकदीचं, खडी 20 मिमीपर्यंतची, स्लंप, म्हणजे पातळपणाचं माप, 100 मिमीच्या आसपास. गाडी आली की ड्रायव्हर हमखास विचारतो, "पाणी मारू का?" नाही म्हणा. पातळपणा हवा असेल तर प्लास्टिसायझर (जादा पाण्याशिवाय काँक्रीट पातळ करणारं रसायन) घालूनच मागवा. वरून ओतलेल्या पाण्याने वरचा थर कमजोर होतो, आणि या कामात वरचा थर हेच सगळं. अवजड गाड्यांच्या प्रवेशबंदीच्या वेळा आधी विचारून घ्या, नाहीतर उन्हात गाडी नाक्यावर अडकते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. एप्रिल-मेमध्ये सकाळी सहाला ओतायला सुरुवात करा. पावसाळ्यात हे काम घेऊच नका. एक सर आली तरी रंग गटारात.

काँक्रीट पसरून, व्हायब्रेटर किंवा स्क्रीडने बसवून, लांब पट्टीने सपाट करा. मग थांबा. वर पाण्याची चमक येईल. ती पूर्ण गेल्याशिवाय हार्डनर मारू नये. ते पाणी शोषायला कोरडं सिमेंट भुरभुरवायची आपल्या गवंड्यांची सवय जुनी आहे; इथे ती सक्त मना. त्याने बारीक जाळीदार भेगा पडतात आणि वर्षभरात पापुद्रे सुटतात.

चमक गेली की हार्डनरचा दोन तृतीयांश भाग कडेपासून सुरुवात करून, हात जमिनीलगत ठेवून एकसारखा फेका. पावडर खालचा ओलावा ओढून गडद झाली की गुरमाळ्याने मळा. उरलेला भाग आडव्या दिशेने फेकून पुन्हा मळा, मग थापीने गुळगुळीत करा. पावडर कुठे फिकट, कोरडी राहिली तर वरून पाणी शिंपडू नका. अजून दाबून मळा.

साचा कधी ठेवायचा

बोट दाबून पाहा. 5 ते 6 मिमीचा ठसा स्पष्ट राहिला आणि बोटाला काँक्रीट चिकटलं नाही, तर वेळ झाली. मात्र अंगणभर ती एकाच वेळी होत नाही. कंपाउंड भिंतीच्या सावलीतला पट्टा अजून मऊ असताना उन्हातला भाग घट्ट होऊन बसलेला असतो. त्यामुळे बोटाची परीक्षा पाच-सहा ठिकाणी घ्या आणि जिथे आधी आवळलं तिथून साचे लावा. शक्य असेल तर आदल्या दिवशीच उन्हाच्या बाजूला हिरवी जाळी बांधा, म्हणजे हा फरक कमी होतो.

साच्यावर आणि पृष्ठभागावर रिलीज पावडर उडवा. पहिली रांग दोरीला धरून लावा, कारण इथे चुकलेला अर्धा इंच शेवटच्या रांगेत दोन इंच होतो. साचे एकमेकांना घट्ट भिडवा, वर उभे राहा, गरज पडली तरच टॅम्परने (दांड्याचा सपाट ठोकणा) हलके ठोका. साचा सरळ वर न उचलता एका कोपऱ्यातून सोलून काढा. ठसा उथळ येऊ लागला तर वेळ निसटते आहे, दोन माणसं त्या भागावर वळवा. साचा उचलताना पेस्ट सोबत आली, तर घाई झाली. दहा मिनिटं थांबा.

कापणी, क्युअरिंग, सीलर

कडा तुटणार नाहीत इतकं काँक्रीट घट्ट झालं की कटरने सांधे कापा: उन्हाळ्यात त्याच दिवशी संध्याकाळी, थंडीत दुसऱ्या दिवशी सकाळी. खोली जाडीच्या चौथ्या हिश्शापेक्षा थोडी जास्त, 32 ते 35 मिमी. दोन सांध्यांतलं अंतर 3 मीटरच्या आत. काप शक्यतो नक्षीच्या रेषेतून न्या. उशीर केलात तर भेग आपली वाट आपणच काढते, तीही नेमकी दगडाच्या मधून.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मऊ ब्रशने धुऊन जादा रिलीज पावडर काढा. खाचांत थोडी राहू द्या, त्यानेच दगडाला जुनेपणा येतो. क्युअरिंग, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवणं, साध्या सिमेंटला 7 दिवस, पीपीसीला (राख मिसळलेल्या सिमेंटला) 10. गोणपाट नको, त्याचे डाग उमटतात. सगळं अंगण सारखं ओलं ठेवा. एक भाग ओला, एक सुका असं झालं की पांढरे पट्टे पडतात. कार 14 दिवसांनी आणा.

सीलर, म्हणजे वरचा पारदर्शक संरक्षक लेप, 28 दिवसांनंतर, तोही पूर्ण कोरड्यावर. दीड फूट चौकोनी प्लास्टिक रात्रभर चारही कडांनी चिकटवा. सकाळी खाली थेंब दिसले तर अजून थांबा. ओलावा आत कोंडला तर ॲक्रिलिक सीलर दुधाळ होतो. दोन पातळ हात द्या, एक जाड नको, आणि दुसऱ्या हातात घसरण रोखणारं ग्रिट जरूर मिसळा. आपल्याकडे जुलैत शेवाळ धरतं आणि नुसत्या चकचकीत सीलरवर पाय सरकतो. दर दोन-तीन वर्षांनी, पावसाच्या आधी मे महिन्यात, धुऊन-वाळवून नवा हात द्या.